एडवर्ड पोकॉक आणि हलबच्या पोथ्या

इ. स. १६३४ मध्यें इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यानें तुर्की मुलखांत व्यापार करणाऱ्या लेव्हंट कंपनीस एक आज्ञापत्र धाडलें. कंपनीचें जें जें जहाज पूर्वेकडून परत येईल त्यानें प्रत्येक खेपेस अरबी किंवा फारशी भाषेंतील एक तरी हस्तलिखित बरोबर आणलें पाहिजे, असा त्याचा आशय होता. कुराणाच्या प्रती मात्र या हिशेबांतून वगळल्या होत्या. त्या इंग्लंडांत पुरेशा जमल्या होत्या व मिळण्यासहि सोप्या होत्या. पोथ्या जमविणाऱ्या माणसास हें आज्ञापत्र वाचून प्रथम हेवा वाटेल व लगेच शंकाहि येईल. रेशीम व मायफळें पारखणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातीं पोथीची निवड सोंपविली म्हणजे काय पदरांत पडतें, याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस आहे. गठ्ठे येतात, संख्या भरते. आणि उघडून पाहावें तों एकाच सामान्य ग्रंथाच्या चार त्रुटित प्रती निघतात. राजाज्ञेनें पोथी आणतां येते, पण पोथीची पारख आणतां येत नाहीं. ती पारख असलेला एक तरुण इंग्रज त्या वेळीं योगायोगानें हलब शहरांत राहत होता. एडवर्ड पोकॉक हें त्याचें नांव. त्याचें चरित्र व त्यानें जमविलेल्या साधनांचा त्यानें केलेला उपयोग यांची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

पोकॉकचा जन्म ८ नोव्हेंबर १६०४ रोजीं ऑक्सफर्ड येथें झाला. बाप बर्कशर परगण्यांतील चीव्हली गांवचा पाद्री. मुलाचें उच्च शिक्षण ऑक्सफर्डमध्येंच झालें व १६२८ सालीं त्यास कॉर्पस क्रिस्टी कॉलेजांत फेलोची जागा मिळाली. अरबीचा श्रीगणेशा त्यानें मथायस पासोर या जर्मन निर्वासित पंडितापाशीं केला. पुढें टॉटनहॅमचा पाद्री विल्यम बेडवेल याच्याकडे तो शिकला. बेडवेल हा त्या काळच्या इंग्लंडांत अरबीचा जवळजवळ एकमेव खरा जाणकार. त्यानें आयुष्यभर खपून एक प्रचंड अरबी कोश रचला, पण तो छापला गेला नाहीं. ग्रंथालयांत धूळ खात पडलेल्या पोथीकडे लक्ष जाण्याची संवय पोकॉकला येथेंच लागली असावी. कारण त्याचें पहिलें प्रसिद्ध झालेलें काम म्हणजे बोडलियन ग्रंथालयांत त्यास आढळलेल्या एका सिरियाक हस्तलिखिताचें संपादन होय. बायबलांतील जीं चार लहान पत्रें सिरियाकमध्यें तोंपर्यंत छापली गेलीं नव्हतीं, तीं त्या पोथींत होतीं. हें पुस्तक १६३० सालीं लायडन येथें छापलें.

त्याच सालीं तो लेव्हंट कंपनीच्या व्यापाऱ्यांचा पाद्री म्हणून हलब येथें गेला. युरोपियन लोक ज्या शहरास अलेप्पो म्हणतात तेंच हें हलब. त्या काळीं तें तुर्की साम्राज्यांतील अत्यंत मोठें व्यापारी ठाणें होतें, आणि इराण व इराक येथील काफिल्यांचा माल तेथें उतरून भूमध्य समुद्राकडे जाई. प्रारंभीं पोकॉकचें मन तेथें मुळींच रमलें नाहीं. एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत, प्रवाशांचा हेवा करावा असें येथें कांहीं नाहीं, एकदां घर सोडलेला मनुष्य सुखरूप परत पोंचला तर पुन्हां बाहेर पडण्यास सहसा राजी होणार नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले आहेत. पुढें मात्र हा मनुष्य तेथें सहा वर्षें राहिला, आणि १६३४ मध्यें शहरांत प्लेग शिरला व व्यापारी डोंगराकडे पळाले तेव्हांहि तो आपली जागा सोडून गेला नाहीं.

हलब येथें त्यानें शेख फतहुल्ला नांवाच्या विद्वानास गुरु केलें. अरबी व्याकरण व वाङ्मय या शेखापाशीं बसून त्यानें तोंडीं शिकलें. युरोपांतील तत्पूर्वींच्या बहुतेक अरबी पंडितांचें ज्ञान पुस्तकी होतें. जिवंत गुरूपाशीं बसून, त्याच्या मुखानें पाठ ऐकून, शंका तेथल्या तेथें विचारून शिकलेले फार थोडे. आपल्याकडे ज्यास परंपरागत पाठ म्हणतात त्याचें महत्त्व वाचकांस निराळें सांगावयास नको. शिष्याविषयीं शेखाचें मत काय होतें, तें पोकॉकचा चरित्रकार ट्वेल्स यानें १७४० सालीं नमूद केलें आहे. पोकॉक निघून गेल्यावर अनेक वर्षांनीं वृद्ध फतहुल्ला मरणोन्मुख असतां त्यानें म्हटलें कीं, स्वर्गांत हजरत ईसाच्या निशाणाखालीं आपली व त्याची भेट होईल याची मला शंका नाहीं. पाद्री मंडळीनें जतन केलेली ही गोष्ट आहे, तेव्हां तिला थोडा रंग चढला असेल; पण शेखाचा लोभ खोटा मानण्याचें कारण नाहीं.

पोथ्यांच्या दृष्टीनें मात्र शेखापेक्षां अधिक महत्त्वाचा मनुष्य म्हणजे दरवेश अहमद. हा पोकॉकसाठीं बाजारांत फिरे, कोणाच्या घरीं कोणता ग्रंथ आहे याचा शोध लावी, विकत मिळण्यासारखा असेल तर किंमत ठरवी, आणि मिळण्यासारखा नसेल तर स्वतः बसून नक्कल करी. पोकॉक इंग्लंडला परतल्यावरहि अहमदचीं पत्रें त्यास येत राहिलीं. त्यांत अमुक टीकेचा अमुक भाग मिळाला, अमुक ग्रंथाची नक्कल चालू आहे, अशा बारीक मजकुराबरोबर जुन्या स्नेहाच्या गोष्टी आहेत. पोथ्यांचा संग्रह हा एकट्याच्या हातून कधींच होत नाहीं. गांवोगांव फिरून रुमाल सोडविणारा, वतनदाराची समजूत घालणारा, रात्र रात्र जागून नकला उतरणारा असा कोणी तरी प्रत्येक संग्राहकाच्या पाठीशीं असतो. नांव मात्र संग्राहकाचें राहतें. अहमदचें नांव राहिलें तें केवळ त्याचीं पत्रें पोकॉकनें फेंकून दिलीं नाहींत म्हणून.

१६३१ सालींच लॉडनें, तो लंडनचा बिशप असतांना, पोकॉकला पत्र लिहून जुनीं ग्रीक नाणीं व पौर्वात्य हस्तलिखितें आपल्यासाठीं खरेदी करण्याचें काम सोंपविलें होतें. विल्यम लॉड हा १६३० पासून ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपति व १६३३ पासून कँटरबरीचा आर्चबिशप. आरंभीं सांगितलेल्या राजाज्ञेमागें हात त्याचाच होता. त्याच्या हट्टी धर्मनीतीनें राजाचा व त्याचा स्वतःचाहि नाश ओढवला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु १६३५ ते १६४० या काळांत त्यानें बोडलियन ग्रंथालयास सुमारें १३०० हस्तलिखितें अर्पण केलीं, ही गोष्टहि त्याच्या खात्यावर मांडली पाहिजे. पोकॉकनें स्वतःसाठीं जमविलेल्या पोथ्या याहून निराळ्या. रिकाम्या वेळांत त्यानें अल्‌-मैदानी याच्या प्रसिद्ध म्हणी-संग्रहांतील सहा हजार म्हणींचें लॅटिन भाषांतर टिपणांसह १६३५ सालीं पुरें केलें. तें अप्रकाशितच राहिलें.

१६३६ मध्यें लॉडनें ऑक्सफर्डला अरबीचें अध्यापकपद निर्माण केलें व पहिली नेमणूक पोकॉकची केली. १० ऑगस्ट १६३६ रोजीं त्याचें प्रथम व्याख्यान झालें. पण वर्षभर शिकवून होतें न होतें तोंच, आणखी पोथ्या मिळविण्यासाठीं त्यास पुन्हां पूर्वेकडे पाठविण्यांत आलें. या खेपेस मुक्काम कॉन्स्टँटिनोपल येथें होता व सोबत गणिती जॉन ग्रीव्ह्‌ज होता. हाच पुढें ईजिप्तमध्यें जाऊन पिरॅमिडांचीं मोजमापें घेऊन आला. कॉन्स्टँटिनोपल येथें याकोब रोमानो या ज्यू पंडितानें पोकॉकला ग्रंथ मिळवून देण्यांत मदत केली. ग्रीक धर्माध्यक्ष सिरिल लुकारिस याच्याकडूनहि मोठी आशा होती. कारण ‘अलेक्झांड्रियाची पोथी’ म्हणून जगप्रसिद्ध असलेलें बायबलचें प्राचीन ग्रीक हस्तलिखित इंग्लंडच्या राजास नजर करणारा तोच. परंतु १६३८ च्या जूनमध्यें सुलतानाच्या हुकुमानें लुकारिसचा गळा आवळून वध करण्यांत आला आणि ती वाट बंद झाली.

१६४० मध्यें पोकॉक परत निघाला व वाटेंत पॅरिस येथें ह्यूगो ग्रोशियस यास भेटला. ग्रोशियस हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा आद्य ग्रंथकार म्हणून आपल्याकडील वकीलवर्गास ठाऊक आहे. त्या वेळीं तो स्वीडनचा वकील म्हणून पॅरिसला होता. ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयीं त्यानें लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचें अरबी भाषांतर करण्याची इच्छा पोकॉकनें त्यास कळविली व ती ग्रोशियसला पसंत पडली. याच सुमारास लॉड कैद होऊन लंडनच्या टॉवरमध्यें गेला होता. ग्रोशियसनें पोकॉकबरोबर त्यास निरोप दिला कीं, शक्य असेल तर निसटून जा. हा सल्ला देण्याचा अधिकार ग्रोशियसला विशेषच होता: १६२१ सालीं लोव्हेस्टाइनच्या किल्ल्यांतून तो स्वतः पुस्तकांच्या पेटींत लपून पळाला होता. पोकॉकनें टॉवरमध्यें जाऊन निरोप सांगितला. लॉडनें आभार मानले, परंतु पळून जाणें म्हणजे शत्रूंच्या मनासारखें करणें होय असें म्हणून नकार दिला. १० जानेवारी १६४५ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

आश्रयदाता गेला, देशांत यादवी माजली. लॉडनें अध्यापकपदाच्या खर्चासाठीं नेमून दिलेल्या जमिनीचें उत्पन्न जप्त झालें, तें जॉन सेल्डन या विद्वान मुत्सद्द्याच्या खटपटीनें सुटलें. सेल्डन पार्लमेंटपक्षाचा व पोकॉक राजपक्षाचा. पण दोघांनाहि पोथ्यांचें वेड, आणि या वेडानें पक्षभेद ओलांडला. १६४८ मध्यें पोकॉकला हिब्रूचें अध्यापकपदहि मिळालें. त्याबरोबर आलेली क्राइस्ट चर्च येथील धर्मवृत्ति मात्र, नव्या राज्यव्यवस्थेशीं एकनिष्ठ राहण्याची प्रतिज्ञा त्यानें न केल्यामुळें, लवकरच काढून घेण्यांत आली. दोन्ही अध्यापकपदेंहि जावयाचीं, परंतु विद्यापीठांतील मंडळीनें, त्यांत विरुद्ध पक्षाचेहि पुष्कळ, अर्ज करून तीं वांचविलीं.

बर्कशरमधील चिल्ड्री या खेड्याची पाद्र्याची जागा त्याजकडे १६४३ पासून होती. तेथील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पोकॉकच्या एका मित्रानें चिल्ड्रीच्या एका गांवकऱ्यास विचारलें, तुमचे पाद्री कसे आहेत? तो म्हणाला, मनुष्य साधा व सज्जन आहे, पण त्याला लॅटिन कांहीं येत नाहीं. कारण इतकेंच कीं, इतर पाद्री प्रवचनांत लॅटिन वाक्यें पेरीत, आणि पोकॉक खेडुतांशीं खेडुतांच्या भाषेंत बोले. गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी खरी, पण १६५५ सालीं तिचें पर्यवसान विपरीत व्हावयाचें होतें. अकार्यक्षम पाद्र्यांस काढून टाकण्यासाठीं सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढें पोकॉकवर ‘अपात्रते’चा आरोप आला. तेव्हां जॉन ओवेन, जो स्वतः क्रॉमवेलपक्षाचा प्रमुख धर्मशास्त्री, तो वॉलिस, वार्ड, विल्किन्स यांस बरोबर घेऊन अधिकाऱ्यांकडे गेला व म्हणाला, ज्याच्या विद्वत्तेचें कौतुक सबंध युरोप करतो त्यास तुम्ही अपात्र ठरविलेंत, तर हंसें तुमचें होईल. प्रकरण मिटलें.

या धामधुमीच्या काळांतच पोकॉकचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ तयार झाला. लॅटिन नांवाचा अर्थ घेऊन आपण त्यास ‘अरबांच्या इतिहासाचा नमुना’ म्हणूं. हा १६५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं लागलेले अरबी ठसे विद्यापीठानें १६३७ मध्यें लायडनहून विकत घेतले होते. ग्रंथाची रचना विलक्षण आहे. मूळ मजकूर, तेराव्या शतकांतील सिरियन ख्रिस्ती धर्मगुरु अबुल्‌फरज याच्या इतिहासांतील एक उतारा, अवघ्या थोड्या पानांचा. आणि त्यावरील टिपणें तीनशेंहून अधिक पानांचीं. इस्लामपूर्व अरबांच्या जमाती, त्यांचीं दैवतें, इस्लाममधील पंथोपपंथ व त्यांचीं मतें यांविषयीं जें जें म्हणावयाचें तें मुसलमान ग्रंथकारांचीं मूळ अरबी वाक्यें देऊन म्हणावयाचें, हा त्याचा नियम. शहरस्तानीचें पंथवर्णन, घझालीनें सांगितलेलें श्रद्धासूत्र, कामूस कोश हे सर्व हलबच्या पोथ्यांतून आलेले आधार होत. इस्लामविषयीं लिहावयाचें तर मुसलमानांचे ग्रंथ पाहावे, ही आज उघड वाटणारी गोष्ट त्या वेळच्या युरोपांत उघड नव्हती. एका ख्रिस्ती ग्रंथकारानें दुसऱ्याचें लिहिणें, दुसऱ्यानें तिसऱ्याचें उचलणें, असा क्रम शतकानुशतकें चालत आला होता.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे कबूतराची कथा. पैगंबर महंमद यांनीं एक कबूतर पढविलें होतें, तें त्यांच्या कानाशीं येऊन दाणे टिपी आणि हा देवदूत संदेश सांगतो असें ते लोकांस भासवीत, अशी ही कपोलकल्पित कथा युरोपांत सर्वतोमुखीं होती. ग्रोशियससारख्या पंडितानें ती आपल्या वर उल्लेखिलेल्या ग्रंथांत दाखल केली. पोकॉकला ती कोणत्याहि अरबी ग्रंथांत सांपडली नाहीं. त्यानें ग्रोशियसला सरळ विचारलें कीं, यास आधार कोणता? ग्रोशियसनें प्रांजळपणें कबूल केलें कीं, ही गोष्ट आपण मुसलमानांकडून घेतली नाहीं. आपल्याच लोकांच्या, विशेषतः स्कॅलिगरच्या, लेखांतून घेतली. पोकॉकनें हा सारा प्रकार आपल्या टिपणांत छापून टाकला. पैगंबरांची शवपेटी लोहचुंबकांच्या योगानें अधांतरीं लोंबत आहे ही दुसरी दंतकथा. तिचीहि त्यानें वाट लावली. असल्या गोष्टी ऐकून मुसलमान आपल्या अज्ञानास हंसतात, हें त्यानें हलबमध्यें स्वतः पाहिलें होतें.

आपल्या वाचकांस येथें कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची घेतलेली झडती आठवेल. मात्र राजवाड्यांस खोटेपणा आपल्याच पूर्वजांच्या लिखाणांत दाखवावयाचा होता. पोकॉकला तो प्रतिपक्षाच्या बदनामींत दाखवावयाचा होता, आणि ती बदनामी त्याच्या स्वतःच्या पक्षास सोयीची होती. दोहोंपैकीं कोणतें काम अधिक कठीण, हें ज्यानें त्यानें ठरवावें. प्रस्तुत लेखकास दुसरें अधिक कठीण वाटतें.

परंतु पोकॉकला निःपक्षपाती म्हणणें ही अतिशयोक्ति होईल. तो निष्ठावंत ख्रिस्ती पाद्री होता व मुसलमानांनीं ख्रिस्ती व्हावें अशी त्याची इच्छा होती. ग्रोशियसच्या ग्रंथाचें भाषांतर त्याच हेतूनें केलेलें. तें रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञाच्या खर्चानें १६६० सालीं छापलें आणि त्यांतून कबूतर गाळलेलें आहे. पण गंमत, किंवा खेद, असा कीं, लॅटिन ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत तें कबूतर तसेंच राहिलें. इतिहासकार गिबन यानें यावर बोचक टीका केली आहे. ज्यांना ती कथा खोटी असल्याचें जन्मतः ठाऊक होतें त्यांच्यासाठीं दुरुस्ती झाली. ज्यांच्यासाठीं ती हवी होती त्यांच्या हातांत जुनाच पाठ राहिला. पोकॉकचें लॅटिन टिपण पंडितांनीं वाचलें, पण ग्रोशियसचें पुस्तक गांवोगांव गेलें. संशोधकाच्या तळटीपेपेक्षां लोकप्रिय ग्रंथांतील चूक दीर्घायुषी असते, हा अनुभव फार जुना आहे.

त्याच्या बाकीच्या ग्रंथांचा केवळ उल्लेख करतों. १६५५ मध्यें मायमोनिडीझ या ज्यू तत्त्वज्ञाच्या अरबी टीकेंतील कांहीं भाग. मूळ अरबी, पण हिब्रू लिपींत लिहिलेलें. त्यानंतर सेल्डनच्या इच्छेवरून युटिकियसचा इतिहास. १६५९ मध्यें एका अरबी वैद्याच्या ग्रंथांतील कॉफीविषयक उताऱ्याचें लहानसें इंग्रजी भाषांतर. कॉफी त्या वेळीं इंग्लंडांत नवीनच आली होती. १६६१ मध्यें तुघराईचें प्रसिद्ध काव्य, १६६३ मध्यें अबुल्‌फरजचा संपूर्ण इतिहास. या शेवटल्या ग्रंथास गिऱ्हाईक मिळेना. १६६० मध्यें राजा परत आला तरी अरबी विद्येचे दिवस परत आले नाहींत; नव्या दरबारास तिची गोडी नव्हती. १६७१ मध्यें पोकॉकचा त्याच नांवाचा मुलगा यानें बापाच्या संग्रहांतील १३०३ सालच्या एका पोथीवरून इब्न तुफैलची ‘हय्य इब्न यक्झान’ ही तत्त्वकथा लॅटिन भाषांतरासह छापली. निर्जन बेटावर एकटा वाढलेला मुलगा केवळ बुद्धीच्या बळानें ईश्वरज्ञानापर्यंत पोंचतो, असा तिचा विषय. एका पोथीनें युरोपच्या विचारांत इतकी खळबळ क्वचितच केली असेल. बापानें स्वतः उरलेलीं वर्षें बायबलांतील प्रवक्त्यांवर भाष्यें लिहिण्यांत घालविलीं. १० सप्टेंबर १६९१ रोजीं वयाच्या ८६ व्या वर्षीं तो वारला. त्याचें अरबीचें पद मुलास मिळालें नाहीं, तें थॉमस हाइडला मिळालें. मुलानें मग त्या विद्येचा नादच सोडला.

त्यामुळें एका अमूल्य पोथीचें नुकसान झालें. अब्दुल्‌लतीफ बगदादी या वैद्यानें लिहिलेलें ईजिप्तचें वर्णन, ज्यांत इ. स. १२०० नंतरच्या भयंकर दुष्काळाची डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत आहे, त्याची ग्रंथकर्त्याच्या स्वहस्ताची मानली जाणारी प्रत पोकॉकनें मिळविली होती. मुलानें तिची छपाई सुरू केली, कांहीं फर्मे निघाले व काम थांबलें. तिचें लॅटिन भाषांतरासहित प्रकाशन ऑक्सफर्डला १८०० सालीं झालें आणि फ्रेंच पंडित सिल्व्हेस्त्र द सासी याचें सटीप भाषांतर १८१० मध्यें निघालें. म्हणजे पोथी हातीं येऊन वाचकांपर्यंत पोंचण्यास दीडशें वर्षांवर काळ गेला.

परदेशीं नेलेल्या पोथ्यांविषयीं आपल्या मनांत साहजिकच कडवटपणा असतो. लेखकासहि तो आहे. पण २०१२ च्या सप्टेंबरांत हलबची जुनी पेठ युद्धांत जळाली आणि पुढील एप्रिलांत तेथील बड्या मशिदीचा अकराव्या शतकांतील मनोरा कोसळला, तेव्हांपासून या प्रश्नाचें एकेरी उत्तर देण्यास जीभ वळत नाहीं. पोकॉकनें दाम देऊन घेतलें, चोरून नेलें नाहीं, व घेतलेलें वाचलें. याहून जास्त त्याच्या बाजूनें बोलतां येत नाहीं.

त्याचीं सुमारें ४२० हस्तलिखितें १६९३ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठानें ६०० पौंडांस विकत घेतलीं व तीं बोडलियन ग्रंथालयांत पोकॉकच्या नांवें नोंदलीं गेलीं. दरवेश अहमदचीं पत्रेंहि त्याच ग्रंथालयांत आहेत.